त्रेचाळीस रेकॉर्डिंग

पहिलं रेकॉर्डिंग गेलं हे कळलं तो मंगळवार होता. दुपारचे साडेचार वाजले होते. लिफ्टवाल्याने टीव्ही लावला, रिमोटने यादी उघडली आणि सवयीने खालचा आकडा पाहिला. बेचाळीस. काल तिथे त्रेचाळीस होते.

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत पाहिलं. बेचाळीसच. मग कपाटातून वही काढली. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, आणि त्या कामात प्रत्येक लिफ्टची एक वही असायची. दोर कधी तपासला, तेल कधी घातलं, कुठल्या मजल्याचं बटण अडकतं, सगळं त्यात लिहायचं. नोकरी सुटली, वहीची सवय सुटली नाही. या वहीत त्याने बायकोच्या रेकॉर्डिंगची नावं ओळीने लिहून ठेवली होती. एक, कॉलर. दोन, काज. तीन, खिसा. चार, उसवलेलं. पाच, स्टूल. असं करत त्रेचाळीसपर्यंत.

टीव्हीवरची यादी 'काज'पासून सुरू होत होती. 'कॉलर' नव्हतं.

बायको जाऊन सात महिने झाले होते. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तिकडे तिने शिलाई मशीन घेतलं आणि फोनवर रडकुंडीला आली, आई, मला साधी कॉलर बसवता येत नाही गं. तेव्हापासून दर रविवारी लिफ्टवाला कॅमेरा धरायचा आणि बायको शिकवायची. शिकवता शिकवता मुलीशी गप्पा, जावयाची चौकशी आणि नवऱ्याची खरडपट्टी, सगळं त्यात यायचं. कॅमेऱ्याचं कार्ड लहान होतं. भरलं की ते जुन्या प्लेअरच्या डिस्कमध्ये उतरवायचं आणि कार्ड पुसून पुढच्या रविवारसाठी मोकळं करायचं. परदेशी पाठवायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुलगी आली की घेऊन जाईल, असं ठरलं होतं. मुलगी एकदा आली, 'स्टूल' पाहून पोट धरून हसली, आणि घेऊन जायचं मात्र राहूनच गेलं. म्हणजे बायको जिथे हलते, बोलते, हसते अशी जागा आता जगात एकच होती, आणि ती या वहीएवढ्या काळ्या डब्यात होती.

डबा पंधरा वर्षांचा. त्याच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी जुन्या टीव्हीला बसायच्या. जुना टीव्ही बायकोमागोमाग दोन महिन्यांत गेला. नव्या टीव्हीला पाठीमागे तसली भोकंच नव्हती. मग कोपऱ्यावरच्या टीव्हीदुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो अंगाने काटकुळा आणि खांद्यावर कायम वायरींचं वेटोळं, म्हणून सगळे त्याला वायर म्हणत. वायरने डबा उलटा-सुलटा करून पाहिला होता.

"काका, हा डबा म्हणजे तुमच्या वयाचा झाला की."

"माझ्यापेक्षा बरा चालतो."

"वायरींच्या भानगडीत पडू नका. एक वायफायची कांडी मागे खोचतो, पेन ड्राइव्हवरून नवं सॉफ्टवेअर घालतो. मग हा डबा हवेतून दाखवेल. टीव्हीवर बघा, फोनवर बघा. वायफाय आहे ना?"

वायफाय लिफ्टवाल्याचं स्वतःचं नव्हतं. ते खालच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरचं होतं. ड्रायव्हरने मागेच आपणहून पासवर्ड दिला होता. लिफ्टवाला त्यांचे नळ, कड्या, बिजागऱ्या बघायचा, तेव्हा हिशेब कुणी धरला नव्हता. वायरने तोच पासवर्ड डब्यात घातला. वीस मिनिटं पडद्यावर एक पट्टी भरत राहिली आणि लिफ्टवाल्याचा जीव टांगणीला लागला. पण पट्टी भरली, कांडीचा निळा दिवा लागला आणि नव्या टीव्हीवर त्रेचाळीस नावं आली.

त्या रात्री तो बऱ्याच महिन्यांनी नीट झोपला होता. त्याला आता दोनच आठवडे झाले होते.

बुधवारी 'काज' गेलं.

गुरुवारी सकाळी वायर आला. त्याने डब्याला कान लावला, तसा लिफ्टवाल्यानेही लावला. आतून टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक असा आवाज येत होता.

"हा आधीपासून आहे?" वायरने विचारलं.

"आहे. पण एवढा नव्हता."

वायर काही बोलला नाही. दुरुस्तीवाला गप्प बसला की काय समजायचं हे लिफ्टवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. तो स्वतः कितीदा लोकांच्या दारात असा गप्प उभा राहिला होता. आणि अलीकडे दवाखान्यात डॉक्टरही तसाच गप्प राहिला होता, कागद हातात धरून.

"डिस्क म्हातारी झालीय, काका. तीच आतून एकेक टाकतेय की काय, सांगता येत नाही. दोन गोष्टी सांगतो. एक, डबा बंद करू नका. अशी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. दुसरं, उगाच काही लावून बघू नका. वाचायला लावलं की तिला ताण पडतो. उतरवून घ्यायचं ते एकदाच, नव्या डिस्कवर."

"म्हणजे चालू ठेवायचं आणि बघायचं नाही."

"तसंच. मुलगी कधी येतेय?"

"एकवीस तारखेला. नवी डिस्क घेऊन येतेय."

"मग तोवर हात जोडून बसा."

लिफ्टवाला बसला. त्याने डब्याच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आणि वर पेनाने 'हात लावू नये' असं लिहिलं. घरात तो एकटाच होता, तरी लिहिलं. दूध संपलं तरी तो खाली उतरला नाही, कारण तो नसताना वीज गेली तर काय, असं त्याच्या मनाने घेतलं. वीज गेली असती तर तो घरात असून काय करणार होता, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

त्या दुपारी 'खिसा' गेलं. त्याने दोन वाजता आकडा पाहिला तेव्हा एक्केचाळीस होते. चार वाजता चाळीस.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, प्लेअर लागतो ना नीट?"

"लागतो."

"स्टूल आहे ना त्यात? मी यांना किती वेळा सांगितलं त्याबद्दल. यांचा विश्वासच बसत नाही की आई एवढी हसायची."

"आहे."

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," लिफ्टवाला म्हणाला.

त्याने फोन ठेवला. हेच शब्द. बायको आजारी होती तेव्हा दोन महिने मुलगी विचारायची, आई कशी आहे, आणि तो म्हणायचा, ठीक आहे. मुलगी लांब, तिची नवी नोकरी, उगाच घोर नको. बायको म्हणायची, सांगा तिला. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात सांगू. मुलगी पोचली ती एक दिवस उशिरा. ती भांडली नाही. निघताना दारात फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही मला ठीक आहे म्हणाला होतात." त्या वाक्याने त्याला जे केलं ते शिव्यांनी झालं नसतं.

शुक्रवारी 'उसवलेलं' गेलं. आता यादीत सगळ्यात वर 'स्टूल' होतं.

शनिवारी तो दुपारभर प्लेअरसमोर खुर्ची टाकून बसला. टक, टक. आकडा एकोणचाळीसच राहिला. रविवारीही एकोणचाळीस. त्याला वाटलं, सुटलो. रविवारी संध्याकाळी त्याने दाढी केली, दूध आणलं, जिन्यात बसड्रायव्हर भेटला त्याच्याशी दोन शब्द बोललाही. ड्रायव्हर म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी घरात बसावं तर आई टीव्हीचा रिमोट देत नाही, आणि मी खेळ लावला की तोंड फिरवून झोपते." दोघं हसले.

सोमवारी सव्वातीनला तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता. हात पुसत बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला. कांडीचा निळा दिवा भराभर लुकलुकत होता. आणि टीव्ही बंद होता. फोन खिशात होता, तोही बंद.

डबा वाचत होता. कुणासाठी?

लिफ्टवाल्याला आयुष्यभराचा धडा आठवला. नवखे लोक घाबरून सांगायचे, लिफ्ट आपोआप वर जाते हो, आत कुणी नसताना. तो त्यांना सांगायचा, लिफ्ट आपोआप जात नसते. कुठल्या तरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबलेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही एवढंच.

तो दार उघडून जिन्यात आला. जिना शांत होता. आणि खालून त्याच्या बायकोचा आवाज आला.

तो भुताखेताला मानणारा नव्हता. तरी त्याने कठडा घट्ट धरला. आवाज स्पष्ट नव्हता, दाराआडून येत होता, पण तो चुकण्यातला नव्हता. बेचाळीस वर्षं ऐकलेला. ती काहीतरी सांगत होती. तो एकेक पायरी उतरला. तीन पायऱ्या राहिल्या आणि ती हसायला लागली.

बसड्रायव्हरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाहेरच्या खोलीत ड्रायव्हरची आई खुर्चीत बसली होती, पाय पाटावर, मांडीवर रिमोट. वय चौऱ्याऐंशी. मुलगा बसवर, सून दवाखान्यात नर्स, दुपारी घरात ती एकटीच असायची. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. टीव्हीवर लिफ्टवाल्याचंच घर होतं, खालून दिसणारा पंखा आणि छत, आणि छतावर आदळणारं हसणं.

"ये रे, बस," मावशी मान न वळवता म्हणाली. "पडलास बघ तू आत्ताच."

तो बसला नाही. दाराशी उभा राहिला. त्याला आठवलं: कापड बेततानाचं वरून दिसावं म्हणून तो कॅमेरा घेऊन स्टुलावर चढला होता, आणि स्टुलाचा पाय सटकला होता. पडद्यावर छत हललं आणि बायकोचा चेहरा आला, वाकून बघणारा, तोंडात अजून दोन टाचण्या. तिने टाचण्या काढल्या.

"लागलं का?" ती म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत पुन्हा हसू फुटलं. "जन्मभर लोकांच्या लिफ्ट सांभाळल्यात. दहा दहा मजले. आणि स्वतः दीड फुटावरून पडलात. ऐकतेयस ना गं तिकडे? तुझ्या बाबांना स्टुलाला दोर बांधून दे."

सात महिन्यांत लिफ्टवाला हसला नव्हता असं नाही, पण हे वेगळं होतं. त्याला तिच्या कपाळावरचा घाम दिसला, केसांची सुटलेली बट दिसली. आपण इथे का उतरून आलो हेच तो विसरला. ती सावरली, डोळे पुसले, कॅमेऱ्याकडे हात केला.

"पुरे. बंद करा आता ते."

"बरं बाई, करते," मावशी म्हणाली आणि रिमोटचं लाल बटण दाबलं.

पडद्यावर चौकट आली. काढून टाकायचं का? मावशीने 'हो' दाबलं. दुसरी चौकट आली. नक्की का? मावशीने पुन्हा 'हो' दाबलं. ती चौकट लिफ्टवाल्याने वाचली, पूर्ण वाचली, आणि वाचलेलं डोक्यात शिरेपर्यंत यादी परत आली होती. वर 'काखेचा जोड' होतं. 'स्टूल' नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला. "ते लाल बटण कशाला दाबलंत?"

"अरे, बघून झालं की दाबायचं. मुलाने शिकवलंय. नाहीतर आमचा डबा भरतो आणि माझ्या मालिका त्यात उतरत नाहीत. दोनदा विचारतं ते मेलं. मी दोन्हीदा हो म्हणते." तिने त्याच्याकडे पाहिलं. "असा का उभा आहेस? चेहरा उतरलाय तुझा. बस ना."

तो पाटाशेजारी जमिनीवरच बसला.

"मी सुनेला म्हटलं," मावशी सांगू लागली, "लिफ्टवाल्याला माझी आठवण राहिली बघ. टीव्हीच्या यादीत आपणहून लावून दिलं. रोज एक बघते. एकदम नाही बघत, संपून जातील म्हणून. ती असताना दुपारची यायची ना खाली, हातशिलाईचं काम घेऊन. आता ही अशी येते. शनिवार-रविवार मुलगा टीव्ही धरून बसतो, तेवढी चुकते." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे उपकार आहेत रे."

"येतो," एवढंच म्हणून तो उठला आणि वर आला. निळी कांडी हाताने उपटून काढली. दिवा विझला. डबा आत टकटकत राहिला.

वायर तासाभरात आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने वायरींचं वेटोळं खांद्यावरून काढून जमिनीवर टाकलं, जणू तेही आता जड झालं होतं.

"चूक माझी आहे, काका. या जुन्या डब्याला कुलूपच नाही. त्या वायफायवर जे कुणी असेल त्याला सगळं दिसतं, आणि पुसताही येतं. ते वायफाय तुमचं एकट्याचं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी बिचाऱ्या डिस्कच्या नावाने बोटं मोडत बसलो."

"मग डिस्क बरी आहे?"

"बरी नाही. आवाज येतोय तो खराच आहे." वायरने मान खाजवली. "पण ऐका. पुसलेलं लगेच जात नाही. यादीतलं नाव जातं, माल आतच पडून असतो, जोवर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. मोठ्या दुकानात डिस्क दिली तर ते काढून देतात. बऱ्याचदा देतात. मात्र त्यासाठी डबा आत्ता बंद करायला पाहिजे. हा चालू असला की आपलं काहीबाही लिहीत राहतो. कुठे लिहील त्याचा नेम नाही. प्रत्येक तासाला ती पाच आणखी लांब जातात."

"आणि बंद केली आणि परत फिरलीच नाही तर?"

"तर अडतीसही गेली."

"चालू ठेवली तर?"

"अडतीस टिकतील. मुलगी येईपर्यंत बहुधा टिकतील. पाच विसरायची."

"तुझी असती तर तू काय केलं असतंस?"

वायरने वेटोळं उचलून परत खांद्यावर घातलं. "माझी नाही ना, काका," तो म्हणाला. "म्हणून मला सांगता येत नाही."

तो गेल्यावर लिफ्टवाल्याने मुलीला फोन लावला. ती कामावर होती. मागे माणसांचे आवाज येत होते.

"बाबा? या वेळी कसा फोन? सगळं ठीक आहे ना?"

तोंडात तेच दोन शब्द तयार होते. त्याने ते गिळले.

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाही. आणि गुरुवारी तुला म्हणालो तेव्हाही नव्हतं."

मग त्याने ओळीने सांगितलं, वहीत लिहितात तसं. मंगळवार, कॉलर. बुधवार, काज. गुरुवार, खिसा. शुक्रवार, उसवलेलं. सोमवार, स्टूल. 'स्टूल' म्हणताना पलीकडचे माणसांचे आवाज कमी झाले. ती कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहिली असावी.

"मी समोर होतो," तो म्हणाला. "दोन पावलं पुढे झालो असतो तर रिमोट हाताला लागला असता. पण ती हसत होती. मी बघत बसलो."

मुलगी रडत होती हे त्याला कळलं. त्याने तिला रडू दिलं.

"मावशींना बोललात का काही?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"बरं केलंत." मग ती म्हणाली, "बाबा, मला इथून काय सांगता येणार. मशीन तुम्हाला कळतं. तुम्ही ठरवाल ते मला चालेल. फक्त जे होईल ते मला त्याच दिवशी सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला लिफ्टचं दार वाजलं आणि मावशी काठी टेकत दारात आली. इतक्या वर्षांत ती वर कधी आली नव्हती.

"आज लागत नाही रे ती," ती म्हणाली. "माझ्या हातून काही बिघडलं का?"

"नाही, मावशी. डब्यात थोडा दोष आहे. बघतोय मी."

"बघ हो. तुझ्या हाताला गुण आहे." ती खुर्चीत टेकली. डबा टकटकत होता. तिने कान दिला. "हाच का तो? ती आहे त्यात?"

"हो."

मावशी डब्याकडे बघत बसली, आणि लिफ्टवालाही.

कामावर रुजू झाला त्या पहिल्या दिवशी त्याला एकच नियम शिकवला होता: आधी मेन बंद, मग हात. पस्तीस वर्षांत त्याने हजारो वेळा मेन बंद केलं असेल, आणि एकदाही बोट अडखळलं नव्हतं. मावशीला खाली पोचवून आल्यावर त्याने स्विचवरची चिकटपट्टी सोलून काढली. बोट स्विचवर ठेवलं. आत डिस्क फिरत होती, टक, टक. त्याने हात मागे घेतला आणि वहीत तारीख, वार लिहिला. पुढे अडतीस असं लिहिलं.

हे मंगळवारचं. आज गुरुवार आहे. मुलगी एकवीसला येईल. मोठ्या दुकानाचा पत्ता वायरने लिहून दिलाय, तो वहीत आहे. स्विच अजून बंद केलेला नाही.